चांदीतला काळा पट्टा

एका चांदीच्या दुकानाच्या कॅटलॉगचे फोटो काढून पाठवले होते, रात्री दहा-साडेदहाला मालकांचा मेसेज आला, "मॅडम फोटो मस्त आलेत, फक्त त्या चांदीच्या तांब्याच्या दोन्ही कडांना काळा पट्टा दिसतोय तेवढा काढून द्या, चांदी कशी पांढरीशुभ्र दिसली पाहिजे." आता तो पट्टा काही चुकून पडलेली सावली नव्हती. तांब्याच्या डाव्या-उजव्या अंगाला काळा कार्डपेपर उभा करून, बोटभर पुढे, बोटभर मागे असं करत करत तो मी तिथे आणून बसवला होता, आणि तो बरोबर कडेवर आला तसं तांब्याचं पोट एकदम भरून आलं होतं, हात घालून उचलावा असा दिसायला लागला होता. सकाळी फोन करून सांगून बघितलं की हा पट्टा काढला तर तांब्या गोल दिसणार नाही हो. ते शांतपणे म्हणाले, "तुमचं बरोबर असेल, पण गिऱ्हाइकाला वाटेल चांदी काळी पडलीय." यावर मला पटकन काही बोलता आलं नाही, कारण गिऱ्हाइकाला तसं खरंच वाटू शकतं, घरोघरी चांदी काळी पडतेच आणि दिवाळीच्या आधी ती घासायला बसावंच लागतं. पट्टा काढून दिला. कॅटलॉग छापून आलं, त्यात तांब्या आहे, पांढराशुभ्र आहे, पण सपाट आहे, त्यात पाणी मावेल असं वाटतच नाही.

तेव्हापासून ते पान डोक्यातून जात नाहीये.

चांदीचं असं आहे की पॉलिश केलेल्या चांदीवर जो उजेड पडतो त्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त ती जसाच्या तसा परत पाठवते, स्वतःकडे जवळजवळ काही ठेवतच नाही. म्हणजे कॅमेऱ्याला तांब्यात जे दिसतं ते सगळं आसपासचं असतं, छत, खिडकी, सॉफ्टबॉक्स म्हणजे लाइटवर पांढरं कापड ताणलेली पेटी, स्टॅंडचा पाय, माझा कुर्ता. घरात स्टीलची पळी उलटी धरून बघा, पाठीच्या बाजूने, अख्खी खोली त्यात येते, पंखा सुद्धा, आणि मधोमध बारीक होऊन तुम्ही. ताटाचं त्यामानाने सोपं असतं. ताट सपाट, त्यामुळे ते खोलीतली एकच जागा दाखवतं आणि ती जागा कुठली हे शोधायची एक जुनी युक्ती आहे, लेन्सच्या जागी टॉर्च धरायचा आणि ताटावर मारायचा, भिंतीवर किंवा छतावर जिथे कवडसा पडेल नेमकी तीच जागा कॅमेऱ्याला ताटात दिसणार, कारण उजेड ज्या वाटेने जातो त्याच वाटेने परत येऊ शकतो. मग त्या जागी पांढरा थर्माकोल लावा, ताट पांढरं. काळा कपडा लावा, ताट काळंकुट्ट. ताटाला हातही न लावता. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच करायला लावते, कॅमेरा कपाटात आणि टॉर्च हातात. गोल वस्तूला मात्र अशी एक जागा नसते, तिला जवळपास सगळीच खोली दिसते, आणि म्हणून लोक पांढऱ्या कापडाचा तंबू करून त्यात ती वस्तू ठेवतात. तंबूत सगळीकडून पांढरं, त्यामुळे वस्तूही सगळीकडून पांढरी, नको ते काही दिसत नाही हे खरं, पण आकारही दिसत नाही. आकार दिसायला पांढऱ्याच्या शेजारी काळं लागतं आणि दोघांच्या मध्ये हळूहळू उतरत जाणारा करडा लागतो. हा उतार कसा आणायचा तर ट्रेसिंग पेपरची मोठी फ्रेम वस्तूच्या जवळ उभी करायची आणि लाइट तिच्या मागे, पण कागदाला अगदी खेटून. मग कागदाच्या मधोमध झगझगीत आणि कडेकडेला विझत गेलेलं असं होतं आणि तेच भांड्यावर उतरतं. लाइट मागे नेला की कागद सगळीकडे सारखा उजळतो, उतार मोडतो. तांब्याच्या त्या फोटोत एका बाजूचा उतार मला फार आवडला होता, गळ्यापासून पोटापर्यंत, मी तो बराच वेळ नुसता बघत बसले होते. डलिंग स्प्रे नावाचा एक प्रकार मिळतो, तो मारला की चकाकी मरते आणि सगळं सोपं होतं. मी चांदीवर तो कधी मारत नाही. चकाकी मारायची तर चांदी कशाला घ्यायची.

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेलात तर मी काय म्हणतेय ते कॅमेऱ्याशिवाय दिसेल. आता तिथे पूर्वीएवढी ठोकठोक नाही असं जुने लोक सांगतात, पण गल्लीत शिरलं की अजूनही कानावर येते. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने जे मठारकाम करतात, शेजारी शेजारी नीट बसवलेले ठोके, त्यातला प्रत्येक ठोका म्हणजे एक छोटा आरसाच असतो, किंचित वाकलेला. दुकानाच्या दारातून येणारा दुपारचा उजेड हंड्यावर पडला की प्रत्येक ठोक्यात ते दार एकदा दिसतं, शेकडो बारीक बारीक दारं, खाली जाताना लहान होत गेलेली. हे भांडं स्टुडिओत आणून त्याच्यासमोर भलामोठा सॉफ्टबॉक्स लावला की सगळं जातं, कारण एवढा मोठा उजेड प्रत्येक ठोका पूर्ण भरून टाकतो आणि दोन ठोक्यांमधली धार बुजते. पुस्तकी नियम सांगतो की चकचकीत वस्तूला मोठा, मऊ उजेड द्या. मठाराला तो नियम लागू नाही असं माझं ठाम मत झालंय. त्याला दाराएवढाच उजेड द्यावा, एका बाजूने, आणि बाकी खोली अंधारी असू द्यावी, जशी ती हातोडी मारणाऱ्या माणसाची होती. तो कारागीर ठोका बरोबर पडला की नाही हे त्याच दाराच्या उजेडात भांडं फिरवून बघत असतो, मग आपण वेगळा उजेड कशाला आणायचा.

भांडी म्हटलं की मला कल्हई आठवते. आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा, जमिनीत खड्डा करून भट्टी, बाजूला भाता, आणि पितळेचं पातेलं चिमट्यात धरून तो ते निखाऱ्यांवर फिरवत बसायचा. नवसागर टाकला की पांढरा धूर, नाकात जाणारा तो वास, मग तापलेल्या पातेल्याला कथलाची कांडी नुसती टेकवायची, कथील २३२ अंशांना वितळतं, आणि कापडाच्या बोळ्याने एकच फेर मारायचा. त्या एका फेऱ्यात पातेल्याचं पोट काळपट पिवळ्याचं आरशासारखं व्हायचं. आणि त्यात आम्हा पोरांची तोंडं दिसायची, उलटी. मी पुढे वाकून बघायचे आणि तो ओरडायचा, मागे हो गं पोरी, भाजेल. अंतर्गोल भांड्यात सगळं उलटं दिसतं हे शाळेत फार नंतर शिकवलं.

काचेचं सगळंच वेगळं. धातूचा उजेड निदान परत तरी येतो, काच बहुतेक सगळा जाऊ देते, समोरून कितीही लाइट मारा, तो आरपार जाऊन मागच्या भिंतीवर पडतो आणि काचेवर राहतो तो फक्त लाइटचा एक वेडावाकडा ठिपका. काचेवर लाइट मारायचाच नसतो, मागच्या पडद्यावर मारायचा असतो, हे कळायला मला वेळ लागला, पण खरं तर मी ते लहानपणीच बघितलं होतं. आजोळी दिवेलागणीच्या आधी कंदिलाच्या काचा पुसायचं काम असायचं. राख, जुन्या लुगड्याचा तुकडा, आत हात घालून हळूच फिरवायचा, कारण काच फुटली तर गावात लगेच दुसरी मिळायची नाही. पुसून झाली की आजी ती काच उंबऱ्यात उभं राहून दाराच्या उजेडासमोर धरायची आणि एक डोळा बारीक करून बघायची. मागे आभाळाचा पांढरा चौकोन, दोन्ही बाजूंना घरातला अंधार, आणि त्या पांढऱ्यावर काचेची रेघ कशी, पेनाने काढल्यासारखी काळी. आज स्टुडिओत ब्राइट फील्ड म्हणतात ते हेच. काचेच्या मधल्या भागातून आपली नजर साधारण सरळ जाते आणि मागचा उजेड दिसतो, पण कडेला काच इतकी वळलेली असते की तिथून नजर वाकून बाजूला जाते, आणि बाजूला अंधार असला तर कड काळी येते. म्हणून मागचा उजळ पडदा फ्रेमपुरताच ठेवायचा, त्याहून मोठा नाही. मोठा झाला की कडांनाही उजेडच दिसतो आणि काच पांढऱ्यात विरघळून जाते. हल्ली ऑनलाइन विकायला पांढराच बॅकग्राउंड लागतो, त्यावर काचेचे ग्लास अर्धे गायब झालेले बघते तेव्हा वाटतं, दोन काळे कागद, बास, दोन्ही बाजूंना दोन काळे कागद उभे केले असते तरी झालं असतं.

त्या आजोळच्या कंदिलांपैकी एक माझ्याकडे आहे, प्रभाकर कंदील, कराडजवळच्या ओगलेवाडीचा. आपल्याकडे काच हा एकेकाळी फार जिव्हाळ्याचा विषय होता. अंताजी दामोदर काळ्यांनी गावोगाव हिंडून माणशी एक पैसा गोळा करायची कल्पना मांडली आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला, ओगल्यांचा कारखाना त्याच्या नंतरचा. काच आपली आपण करता यावी एवढ्यासाठी लोकांनी पैसा पैसा दिला होता हे मला कंदील हातात घेतला की दरवेळी आठवतं. मी त्याचा फोटो उलट पद्धतीने काढला, डार्क फील्डने. यात मागे मोठा सॉफ्टबॉक्स आणि त्याच्यासमोर मधोमध काळा पुठ्ठा, फ्रेम भरून जराच मोठा, म्हणजे कॅमेऱ्याला सरळ बघितलं तर काळं दिसतं आणि उजेड फक्त पुठ्ठ्याच्या कडेकडेने येतो. आता तीच वाकडी नजर बाजूच्या उजेडाला जाऊन भिडते आणि कड पांढरी पेटते. मायक्रोस्कोपवाले पाण्यातले बारीक जीव बघायला हीच पद्धत वापरतात, नावही तेच. यात काच काही लपवू शकत नाही. त्या कंदिलाच्या काचेत मला तेव्हा पहिल्यांदा बारीक बुडबुडे दिसले, लांबट, वरच्या दिशेने ओढलेले, आणि आतल्या अंगाला राखेने पडलेले बारीक ओरखडे, गोल गोल, एका हाताच्या वळणाने गेलेले. त्यातले काही आजीचे असणार आणि काही माझे. क्लायंटचं काम असतं तर मी ते रिटच करून काढले असते. इथे एकही काढला नाही.

कोकम सरबताच्या बाटलीचं एक काम मात्र मी मजेत केलं होतं. कोकमाचा रंग हातात ग्लास धरला की काय सुंदर दिसतो, आणि फोटोत नुसता काळा येतो, कारण रंग इतका दाट असतो की मागचा उजेड पुरतच नाही. मग बाटलीच्या आकाराचा पण तिच्याहून थोडा लहान असा चंदेरी पुठ्ठा कापायचा, बाटलीच्या मागे तिरका उभा करायचा, समोरून दिसणार नाही असा, आणि त्यावर वरून एक लाइट सोडायचा. बाटली आतून पेटते. दोन्ही बाजूंना उभ्या पट्टीचे सॉफ्टबॉक्स लावले की काचेवर वरपासून खालपर्यंत दोन सरळ रेघा येतात आणि लेबलही उजळतं. बाहेरचे दवबिंदू म्हणजे ग्लिसरीन आणि पाणी, निम्मं निम्मं, पाणी नुसतं मारलं तर ओघळून जातं. हे खोटं आहे का? मला नाही वाटत. थंड बाटलीवर ते खरंच येतात, फक्त स्टुडिओच्या लाइटमध्ये टिकत नाहीत. पण प्लास्टिकचा बर्फ घालायला मला आजही आवडत नाही, तो फार शहाण्यासारखा एका जागी बसून राहतो.

लोक सांगतात पोलरायझर लाव, म्हणजे लेन्सवर बसवून फिरवायचा एक फिल्टर, सगळं चमकणं जाईल. काचेच्या बाबतीत हे बऱ्यापैकी खरं आहे, काचेच्या सरळ समोरून न बघता साधारण छप्पन्न अंश तिरकं बघितलं तर तिच्यावरून परत येणारा उजेड एकाच दिशेने थरथरणारा असतो आणि पोलरायझर तो अडवू शकतो. सरळ समोरून बघाल तर काही होत नाही. आणि धातूवर तर तो एकटा जवळजवळ निकामीच. म्हणून दुकानदाराने "फिल्टर लावा ना" म्हटलं की मी त्यांना स्टीलचा डबा आणि पोलरायझर हातात देते, फिरवून बघा म्हणते. बघतात बिचारे मन लावून.

साध्या काचेचे दोन पृष्ठभाग मिळून आठ टक्क्यांच्या आसपास उजेड परत पाठवतात, दिवसा आणि रात्री तेवढाच. फक्त दिवसा बाहेरचं ऊन त्याला गिळून टाकतं. रात्रीच्या एसटीत आतला दिवा लागला की खिडकीत घाट दिसायचा बंद होतो आणि आपलं तोंड दिसायला लागतं, शेजारी झोपलेल्या माणसाचंही, ते याचमुळे. ही आठ टक्क्यांची गोष्ट एका कामात मला फार जवळून भेटली. रत्नागिरीकडच्या एक काकू वडिलांचा जुना फ्रेम केलेला फोटो घेऊन आल्या, कॉपी करून हवी होती. कोकणातल्या पावसाळ्यांनी फोटो आतून काचेला चिकटला होता, सोडवायला गेलं असतं तर चेहऱ्याचा पापुद्रा काचेवर राहिला असता, म्हणजे काचेतूनच काढणं आलं. त्यासाठी फोटोच्या दोन्ही बाजूंना लाइट अगदी तिरके लावायचे आणि कॅमेऱ्याच्या पुढे मोठा काळा कपडा टांगायचा, लेन्सपुरतं भोक पाडून, मग काचेत दिसायला काळ्याशिवाय काही उरतच नाही. प्रिंट छान आली, धोतराच्या निऱ्या, अंगरख्याचे बंद, सगळं मोकळं. काकूंनी हातात घेतली, बघितली, आणि म्हणाल्या, "अण्णा जरा वेगळेच दिसतायत हो." मग थोड्या वेळाने त्यांच्याच लक्षात आलं. घरी तो फोटो माजघरात होता आणि समोर ट्यूबलाइट, त्यामुळे अण्णांच्या कपाळावर कायम एक पांढरी रेघ असायची, आडवी. इतकी वर्षं रोज नमस्कार करताना त्यांनी त्या रेघेसकट अण्णा बघितले होते. "भुवईजवळ हा तीळ आहे हे मला माहीतच नव्हतं," म्हणाल्या. आनंद झाला होता, पण नुसताच आनंद नव्हता तो. मलाही पोटात कसंतरी झालं. मी त्या फोटोवरून अण्णांचं नसलेलं सगळं काढून टाकलं होतं, आणि त्यात त्यांच्या घरातलं काहीतरी माझ्या काळ्या कपड्यात गेलं होतं.

मागे एकदा डॅगेरोटाइपबद्दल वाचत होते. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेर नावाच्या फ्रेंच माणसाची फोटो काढायची पद्धत जाहीर झाली, आणि ती प्लेट कशाची तर तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा, घासून घासून आरसा केलेली. आयोडीनची वाफ, मग कॅमेरा, मग पाऱ्याची वाफ, आणि त्या आरशावर माणसाचा चेहरा. म्हणजे जगासमोर आलेला फोटोचा पहिला प्रकारच चकचकीत चांदीवरचा होता. आणि तो बघायचीही एक रीत असते, प्लेट हातात घेऊन थोडी तिरकी करायची, तिच्यात काळं काहीतरी दिसलं पाहिजे, काळा कोट, काळा पडदा, तर चेहरा उमटतो. उजळ भिंत दिसली तर तोच चेहरा निगेटिव्ह होतो, केस पांढरे आणि गाल काळे. हे वाचलं आणि मला तो दुकानदार आठवला, त्याचा पांढराशुभ्र तांब्या आठवला, आणि वाटलं हे त्यांना सांगायला पाहिजे होतं, वाद घालायला म्हणून नाही, त्यांना आवडलं असतं म्हणून. पिढ्यानपिढ्या चांदी विकणारा माणूस आहे. पुढच्या वेळी गेले तेव्हा मी दोन्ही प्रिंट शेजारी ठेवल्या, पट्ट्याचा आणि बिनपट्ट्याचा, काही न बोलता. त्यांनी बराच वेळ बघितलं, काउंटरवरचा खरा तांब्या उचलला, त्याच्या कडेला पण काळं होतं, त्यांच्याच शर्टाचं आणि दुकानाच्या लाकडी कपाटांचं. "हे बरोबर आहे," म्हणाले, "पण कॅटलॉगला पांढराच ठेवू." ठीक आहे. दुकान त्यांचं आहे आणि समोर बसणारं गिऱ्हाईक ते माझ्याहून जास्त ओळखतात. पट्ट्याची प्रिंट मात्र त्यांनी ठेवून घेतली.

सध्या टेबलावर काचेच्या बांगड्या आहेत, फिरोजाबादहून आलेला हिरवा चुडा, लग्नसराईच्या जाहिरातीसाठी. बांगडी म्हणजे दोन्ही पेच एकदम, आरपारही आहे आणि वर सोनेरी वर्खाची चमकही आहे. खालून उजेड दिला की हिरवा असा उघडतो की बघत राहावं, पण वर्ख काळा पडतो, कारण त्याच्यातून काही आरपार जात नाही. वरून दिला की वर्ख झळकतो आणि हिरवा मुका होतो, बाटलीच्या काचेसारखा दिसतो. दोन फोटो काढून जोडता येतात, बरेचजण तसं करतात, मला ते इथे नको वाटतंय, कारण मनगटावर ते दोन्ही एकदम दिसतं, बाई हात हलवते तेव्हा. आत्ता खाली दुधी ॲक्रिलिक, त्याच्याखाली एक मंद लाइट, आणि वरून ट्रेसिंगमधून एकच बारीक पट्टी, कॅमेऱ्याच्या समोरच्या बाजूने, इतकी खाली की तिचं प्रतिबिंब फक्त वरच्या वर्खाच्या रेघेवर पडावं. चुड्यातल्या वरच्या चार बांगड्यांवर ते जमलंय. खालच्या अजून अंधारात आहेत, त्यांच्यासाठी आतल्या बाजूला चंदेरी कागदाची नळी करून घालून बघणार आहे, मनगटाच्या जाडीची.